निकम सरांचा खेळ

निकम सर, तुमची सी डिव्हिजन आता माझ्या गळ्यात पडली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सात वीसला, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नेहमीसारखी बंद. माझ्या गुडघ्यांची रडकथा स्टाफरूममध्ये तुम्हीच काय ती मन लावून ऐकायचात. प्राचार्य म्हणाले, "भोईर मॅडम, नवीन माणूस मिळेपर्यंत तुम्हीच सांभाळून घ्या." मी हो म्हटलं. नाही म्हणायला अंगात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोंडही नव्हतं. ते का नव्हतं तेच सांगायला बसले आहे. पण जरा दमाने घ्या. मी दमले आहे, सर. तुम्ही गेलात म्हणून नाही, त्याच्या बऱ्याच आधीपासून. फक्त तुम्ही होतात तोवर ते कळत नव्हतं.

परवा तुमच्या तेराव्याला कामोठ्याला आले होते. सोसायटीच्या गच्चीत मांडव होता, खाली जिन्यात चपलांचा ढीग. निम्म्या चपला विद्यार्थ्यांच्या असाव्यात. वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या. साताऱ्याचं बोलणं अजून तसंच आहे त्यांचं. म्हणाल्या, "मॅडम, तुमचं लई नाव असायचं बगा त्यांच्या तोंडात. आज मॅडम अशा म्हनल्या, आज मॅडम तशा भांडल्या." माझा हात ताटातच थांबला. "अजून काय म्हणायचे?" मी विचारलं. "अजून काय? हसायचे," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. म्हणजे आपली भांडणं तुम्ही घरी नेत होतात. नुसती भांडणंच नेलीत की आणखीही काही नेलं होतं, ते विचारायची हिंमत मला झाली नाही. पानातली बुंदी कशीबशी संपवली आणि उठले.

शोकसभा कॉलेजनेही घेतली. तुम्ही असतात तर मागच्या रांगेत बसून पोट धरून हसला असतात. प्राचार्यांनी तुम्हाला "अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक" म्हटलं. "अहो, त्या गाढ्या अभ्यासकाला तुम्ही दर वर्षी नव्याने अर्ज करायला लावत होतात ना," असं त्यांना म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्याआधी सकाळी दर्शनी फळ्यावर ऑफिसने लिहिलं होतं, 'तासिका तत्त्वावरील प्राध्यापक श्री. निकम यांचे दुःखद निधन'. माझं डोकंच फिरलं. तडक ऑफिसात गेले आणि सोनवण्यांवर खेकसले, "अहो, माणूस मेल्यावर तरी पुसा की ते दोन शब्द!" क्लार्क बिचारा. म्हणाला, "मॅडम, रेकॉर्डला जे आहे तेच लिहावं लागतं. मला काय वाईट नाय वाटत का?" मग मीच ओलं फडकं घेऊन ते पुसलं. दुपारी बघते तर कुणीतरी पुन्हा लिहिलेलं. दुसऱ्यांदा पुसायला गेले नाही. तेवढंही झालं नाही माझ्याकडून.

वीस-एकवीस वर्षं तासिकेवर. जेवढे तास घेतले तेवढीच नोकरी. दिवाळीच्या सुट्टीत नोकरी नाही, मे महिन्यात नाही, आणि जुलै आला की पुन्हा फाइल, पुन्हा इंटरव्ह्यू. सकाळी आपल्याकडे नेरुळला, दुपारी घणसोलीच्या कॉलेजात, संध्याकाळी पनवेलच्या एका क्लासवर. आणि शिकवायचात काय, तर एफवायबीकॉमला समग्रलक्षी अर्थशास्त्र. म्हणजे सगळ्या देशाचं उत्पन्न, सगळ्या देशाची महागाई, सगळ्या देशाचा रोजगार. त्यातलं शेवटचं युनिट बेरोजगारीचे प्रकार. हंगामी, छुपी, अर्धी. "मॅडम, या युनिटचं प्रात्यक्षिक मीच आहे," म्हणायचात आणि आपणच खो खो हसायचात. मी हसत नसे. तुम्हाला वाटायचं बाईला विनोद कळत नाही.

त्या एका युनिटवरून आपण किती भांडलो! तुमचं म्हणणं, पहिल्या दिवशी वर्गात गेलं की आधी बेरोजगारीच शिकवायची. "पोरांना विचारा, घरात कोण बसून आहे. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी बसलेलं असतंच. तिथून सुरुवात करा, मग राष्ट्रीय उत्पन्नाची व्याख्या द्या." माझं म्हणणं, सिलॅबस वरून खाली शिकवायचा असतो, पेपर काढणारा तुमच्या भावना विचारत नाही. दर वर्षी तेच. तुमची पोरं बेरोजगारीवर चार-चार पानं लिहायची आणि व्याख्येत गटांगळ्या खायची. माझी पोरं राष्ट्रीय उत्पन्न मोजायच्या तिन्ही पद्धती घडाघडा म्हणायची, आणि बेरोजगारी मी शेवटच्या आठवड्यात झेरॉक्स वाटून उरकायची. रिझल्ट लागला की माझी डिव्हिजन पुढे. मी मुद्दाम तुम्हाला दाखवायचे. तुम्ही म्हणायचात, "मार्कं तुमच्याकडं, पोरं माझ्याकडं." असा संताप यायचा! परवा तुमच्या जिन्यातल्या चपला बघून मान्य केलं, बरोबर होतं तुमचं.

आणि तो महागाईचा दिवस. मी म्हटलं होतं, महागाईवर कसला दीर्घ प्रश्न काढताय, टिपांना टाका. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुम्हाला महागाई भत्ता मिळतो ना मॅडम, म्हणून तुम्हाला तो टिपेचा प्रश्न वाटतो." दोन दिवस बोलले नाही मी तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी तुम्ही कॅन्टीनमधून दोन चहा घेऊन आलात आणि जणू काही झालंच नाही असं जवळ्याबद्दल बोलायला लागलात. मी आमच्या सारसोळ्याहून तुम्हाला सुका जवळा आणून दिला होता, आणि वहिनींनी त्यात शेंगदाण्याचं कूट घातलं होतं. जवळ्यात कूट! मी कपाळावर हात मारला. "माझ्या सासूबाईंना कळलं तर तुमचं घरात येणं बंद होईल," म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मग कळू देऊ नका, आम्हाला आवडला." असं करून सगळी भांडणं तुम्ही मिटवायचात. एकही कधी संपवलं नाहीत.

तुमचे उपकारही कमी नाहीत. यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तीन आठवडे घरी होते. रजा टाकायलाही सुचलं नव्हतं. परत आले तर माझे सगळे तास झालेले होते. तुम्ही घणसोलीच्या तासांना उशिरा जाऊन माझी डिव्हिजन घेतली होतीत आणि प्रत्येक तासाखाली माझंच नाव लिहिलं होतंत. मी थँक्यू म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तुमची पोरं फार शिस्तीची बुवा. झोप येते." तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मनात शंभरदा आलं होतं.

आता त्या इंटरव्ह्यूंचं. बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मी विभागप्रमुख, म्हणून दर जुलैला तुमचा इंटरव्ह्यू घ्यायला टेबलापलीकडे मीच बसायचे. अर्धा तास आधी आपण एकाच टेबलावर चहा प्यायलेलो असायचो. मग तुम्ही इस्त्रीचा शर्ट नीट करत दारात उभे राहून विचारायचात, "आत येऊ का?" फाइलमध्ये सगळी ओरिजिनल सर्टिफिकेटं, मागे झेरॉक्स. प्राचार्य म्हणायचे, "काहीतरी शिकवून दाखवा." आणि दर वर्षी तुम्ही एकच शिकवायचात, चलनवाढीचे प्रकार. रांगती, चालती, पळती. इतकं रटाळ, इतकं सुरात, की चार मिनिटांत सगळे सह्या करून मोकळे. ज्या माणसाच्या वर्गात दुसऱ्या डिव्हिजनची पोरं घुसून बसायची, तो तिथे पुस्तक वाचल्यासारखा बोलायचा. मी एकच प्रश्न विचारायचे. "सर, याही वर्षी सी डिव्हिजन घ्याल ना?" तुम्ही म्हणायचात, "घेईन मॅडम." मी खाली कागदाकडे बघत राहायचे. एका वर्षी नवीन आलेल्या सदस्याने विचारलं, "इतकी वर्षं तासिकेवरच कसे काय?" तुम्ही म्हणालात, "योग नाही आला, सर." हे म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर बरं झालं असतं.

कारण तो योग कसा चुकला ते मला माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे की नाही, एवढंच मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं मी तेवढंच शोधत होते तुमच्या तोंडावर.

अठरा वर्षांपूर्वी आपण दोघंही तासिकेवर होतो. पर्मनंटची एकच जागा निघाली, तीही कितीतरी वर्षांनी. दोघांनी अर्ज केला. माझ्या घरी काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं. यजमानांची ठाणे-बेलापूर रोडवरची कंपनी बंद पडलेली, दीड वर्षं माणूस घरात. सासूबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमचा पोऱ्या घरानच हाय. सून जाते कामाला. काय करनार?" यजमान आत बनियनवर बसून ते ऐकायचे. मी घरी गेले की दोघांच्या मधून स्वयंपाकघरात जायचे.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही मला एका रिकाम्या वर्गात बसवलंत. "मॅडम, उद्या दहा मिनिटांचा डेमो आहे. ऐका, आणि कुठं फसतंय ते सांगा." अहो, मी तुमच्याच जागेसाठी उभी होते! असं कोण करतं? तुम्ही केलंत. फळ्याकडे पाठ करून उभे राहिलात आणि म्हणालात, "समजा, वर्गात सगळे उभे आहेत. हा पहिला मुलगा म्हणजे माझे वडील. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत, पाठीवर गोणी वाहतात. आज मार्केट बंद आहे. वडील खाली बसले." मग तुम्ही रिकाम्या बाकांकडे एकेक बोट दाखवत गेलात. वडील बसले म्हणून गेटवरचा चहावाला बसला. जिच्या खानावळीत ते जेवायचे ती बाई बसली. ती बसली म्हणून तिला भाजी देणारा बसला, पिठाच्या गिरणीवाला बसला. त्याच्याकडचा माणूस बसला, त्याच्या पोरीच्या शिकवणीची बाई बसली. असं करत करत सगळा वर्ग खाली. एकटाच उभा, बेलापूरच्या सरकारी ऑफिसातला क्लार्क. "हा का उभा आहे? कारण याचा पगार उद्याही येणार आहे. आता याने ठरवलं की आज मी घरी डबा खाणार नाही, खानावळीत जेवणार. तर कोण उठेल?" आणि तुम्ही उलटे निघालात. खानावळवाली उठली, भाजीवाला उठला, गिरणी सुरू झाली. शेवटी वडील उठले. "याला गुणक म्हणतात," एवढंच म्हणालात आणि खडू ठेवलात.

माझ्या अंगावर काटा आला होता, सर. तीन वर्षं गुणक शिकवत होते आणि मला तो त्या दिवशी कळला. मी म्हटलं, "कुठेच फसत नाही. फक्त वडिलांचं नाव काढू नका, पॅनलला फार घरगुती वाटेल." हा सल्ला मी मनापासून दिला होता की नाही, आजही ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आडनावाप्रमाणे भोईर आधी आणि निकम नंतर. आत पाच जण. मी राष्ट्रीय उत्पन्न मोजायच्या पद्धती तयार केल्या होत्या. दोन मिनिटं झाली आणि त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गृहस्थांनी जांभई दिली. म्हणाले, "हे पुस्तकात आहे, बाई. तुम्ही वर्गात काय करता ते दाखवा." माझं डोकं रिकामं झालं. बनियनवर बसलेले यजमान दिसले, ओट्यावरच्या सासूबाई दिसल्या. आणि मी म्हटलं, "सर, तुम्ही पाचही जण जरा उभे राहता का?"

उभे राहिले हो ते! लहान पोरांसारखे उठले. "समजा, एक मजूर आहे," मी म्हटलं. तुमच्या वडिलांना मी एक मजूर करून टाकलं. म्हाताऱ्या गृहस्थांना खाली बसवलं, मग एकेकाला बसवत गेले, प्राचार्यांना क्लार्क करून उभं ठेवलं. सगळे हसत होते. सगळे परत उठले तेव्हा टाळ्या वाजल्या. मला आनंद झाला होता. हेही सांगते. मला फार आनंद झाला होता.

बाहेर आले तर तुम्ही खुर्चीत फाइल मांडीवर घेऊन बसलेले. "कसं झालं?" विचारलंत. मी म्हटलं, "बरं झालं." शिपाई तुमचं नाव पुकारेपर्यंत अख्खं एक मिनिट होतं माझ्याकडे. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते. तुम्ही आत गेलात आणि सहा-सात मिनिटांत बाहेर आलात. आत काय झालं? तुम्ही त्यांना उभं राहायला सांगितलंत आणि कुणी म्हणालं का, की हे आत्ताच झालं? काही कळलं नाही. तुम्ही म्हणालात, "चला मॅडम, चहा घेऊ." मी काय शिकवलं, हे तुम्ही विचारलं नाहीत. त्या दिवशी नाही, आणि नंतर कधीच नाही.

लिस्ट लागली. पेढे तुम्ही आणलेत, माझ्या नोकरीचे. "मॅडम गडबडीत विसरतील म्हणून," सगळ्यांना सांगत वाटलेत. त्यानंतर भरती बंद झाली ती झालीच. दुसरी जागा तुमच्या हयातीत निघाली नाही.

आणि तो खेळ माझा झाला. 'भोईर मॅडमचा बसायचा खेळ'. दर वर्षी माझ्या डिव्हिजनला घेतला, शिक्षकांच्या प्रशिक्षणात घेतला, वाहवा मिळवली. एकदा कॉलेजच्या वार्षिकात फोटोसकट छापून आला. तुम्ही स्टाफरूममध्ये तो अंक उघडलात, ते पान वाचलंत, मिटलंत. मी श्वास रोखून बसले होते. तुम्ही म्हणालात, "फोटो छान आलाय."

आणि दर वर्षी, गुणकाचं युनिट आलं की, "मॅडम, एक तास माझ्या सी डिव्हिजनला या ना, तो खेळ घ्यायला." मला तो टोमणा वाटायचा, सर. प्रत्येक वेळी. वाटायचं, हा माणूस मला कोपऱ्यात गाठतोय. मग कधी परीक्षेचं काम, कधी कमिटीची फाइल, कधी गुडघे. यंदाही विचारलंत. मी वैतागून म्हटलं, "तुम्हीच घ्या की, तुम्हाला काय येत नाही का?" तुम्ही म्हणालात, "नाही, तो तुम्हीच घ्यायचा." मी चरफडत निघून गेले. गुन्हा मी केलेला आणि राग तुमच्यावर! ते आपलं शेवटचं बोलणं नव्हतं, त्यानंतर बरंच बोललो आपण, लिफ्टबद्दल, उत्तरपत्रिकांबद्दल. पण मला तेच आठवतं.

काल शुक्रवार होता. तिसऱ्या मजल्यावर चढून गेले, दम खाल्ला. तुमच्या वर्गात गुणकच राहिला होता. त्याच्या आधीचं आणि नंतरचंही तुम्ही शिकवून ठेवलं होतंत, मधला तेवढा सोडून. मला वाटलं तब्येतीमुळे राहिला असेल. मी ठरवून गेले होते की आज खेळ घ्यायचा, तुमच्या पोरांना तो मिळायला हवा. म्हटलं, "सगळे उभे राहा."

एवढ्या सकाळी पोरं अशी उठतील असं वाटलं नव्हतं. मागून कुणीतरी "येस!" म्हणालं. पहिल्या बाकावर सानिका नावाची मुलगी आहे, तुम्हाला माहीत असेल, सारखी प्रश्न विचारते. ती म्हणाली, "फायनली, मॅडम! सर किती दिवस सांगत होते तुम्ही येणार म्हणून."

"काय सांगत होते?"

"की गुणक मी नाही शिकवणार, तो भोईर मॅडम शिकवतील. त्यांचा एक खेळ आहे. त्या एका डेमोवर त्या पर्मनंट झाल्या."

माझ्या हातात खडू होता, तो मी टेबलावर ठेवला. मागच्या बाकावरचा बनसोडे म्हणाला, "मॅडम, सरांनी पूर्ण स्टोरी सांगितली होती. बोलले, मी बाहेर फाइल घेऊन बसलो होतो, आतून खुर्च्यांचा आवाज आला. पाच माणसं एकदम उठली. बोलले, मला तेव्हाच कळलं, मॅडमनी मैदान मारलं. मग मी आत जाऊन चलनवाढ सांगितली आणि आलो." वर्ग हसला. तुम्ही ते हसवायलाच सांगितलं असणार, तुमच्या त्या पद्धतीने, हातवारे करून. दर वर्षीच्या सी डिव्हिजनला सांगितलं असणार.

म्हणजे "कसं झालं?" असं तुम्ही मला विचारलंत तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. आत जायच्या आधीच माहीत होतं. तुम्ही त्यांना सांगू शकला असतात, हा खेळ माझा आहे, माझ्या वडिलांचा आहे. नाही सांगितलंत. चलनवाढ शिकवलीत, आणि मग दर जुलैला माझ्यासमोर बसून तीच शिकवलीत.

मी पोरांना म्हटलं, "खाली बसा." ती बसली. "हा खेळ माझा नाही. निकम सरांचा आहे. त्यांनी तो मला इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी विश्वासाने दाखवला होता. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी आत जाऊन तो माझा म्हणून दाखवला. त्यातला मजूर म्हणजे त्यांचे वडील होते, तेही मी कुणाला सांगितलं नाही."

मग बनसोडे, उभा न राहताच, म्हणाला, "म्हणजे मॅडम, सर पर्मनंट झाले असते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही असा सरळ विचारला नव्हता. म्हटलं, "हो. झाले असते."

सानिका रडायला लागली. म्हणाली, "मग सरांनी आम्हाला असं का सांगितलं, तुमचा खेळ म्हणून?" माझं कौतुक म्हणून सांगितलंत, की एक दिवस मला तुमच्या पोरांसमोर उभं करायचं होतं म्हणून, ते आता कसं कळणार? दोन्ही असेल. तुम्ही साधे होतात, पण खुळे नव्हतात. आणि मला बोलावत होतात, दर वर्षी बोलावत होतात, मीच येत नव्हते.

सर, मी तुमची नोकरी घेतली. मला माफ करा. हे वर्गाला सांगायला काल मला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि तुम्ही अठरा वर्षं माझ्या बाजूच्या खुर्चीत बसलेले होतात.